चॉकलेटचोराचं शब्दचित्र

“नाडी मंद. मिनिटाला छप्पन्न,” संचालकांनी वाचलं आणि चष्म्यावरून शिपाईमामांकडे पाहिलं. “तुमची किती?”

“अठ्ठावन्न, साहेब. तुम्हीच मोजली होती.”

“दोन ठोके इकडे तिकडे.” त्यांनी समासात बरोबरची खूण केली.

मुलगी बाजूच्या खुर्चीत बसली होती. वडिलांचं सामान न्यायला आली होती: एक मग, दोन पेनं, चष्म्याचं जाडजूड घर. त्यांना जाऊन अकरा दिवस झाले होते. गुन्हेगार जन्मतो की घडतो, हे शोधत त्यांनी या प्रयोगशाळेत तीस वर्षं कैद्यांचे मेंदू तपासले. उत्तर मिळालं नाही. पाठदुखी मिळाली.

इथल्या संयमाच्या चाचणीत कैद्यापुढे एक चॉकलेट ठेवतात. पंधरा मिनिटं हात लावला नाही, तर दोन मिळतात. खुनी माणसं शहाण्यासारखी बसून राहायची. कपाटातला चॉकलेटचा डबा मात्र आपोआप रिकामा होत होता. गुन्हेशास्त्राच्या प्रयोगशाळेतच चोरी! संचालकांचं नाक कापलं गेलं. त्यांनी सगळ्यांत ज्येष्ठ तज्ज्ञाला, म्हणजे मुलीच्या वडिलांनाच, चोराचं शब्दचित्र लिहायला सांगितलं. तोच वडिलांचा शेवटचा अहवाल ठरला. तो त्यांच्या खणात सापडला, आणि आता त्याच्या शेजारी बडतर्फीचं पत्र टाइप होऊन सहीची वाट पाहत होतं. शिपाईमामांच्या निवृत्तीला सात महिने उरले होते.

“शिक्षेने सुधारत नाही. रागावलं की मान डोलावतो, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.” संचालक थांबले. “हे तर अगदी तुम्हीच. चहात साखर कमी घाला, किती वेळा सांगितलं?”

शिपाईमामांनी मान डोलावली. आणखी एक खूण झाली.

“खोड वंशपरंपरागत. वडीलही असेच होते.”

“माझ्या वडिलांनी एकदा सायकल उचलली होती, साहेब. खाल्ली नव्हती.”

“रक्तात असतं ते. पुढे... घरातल्या बाईला घाबरतो, तरी तिला हातोहात फसवतो.”

“बायको जाऊन नऊ वर्षं झाली. आता कोणाला घाबरू?”

“सगळंच जुळायला हवं असं नाही. सरांनी तर वयही लिहिलेलं नाही. घाईत राहिलं असेल.”

मुलीने मान वर केली. बाबा कधीच घाईत नसत.

“संशय आला, की विचारायच्या आत जीभ बाहेर काढून दाखवतो.” संचालकांनी कागद खाली ठेवला. “हा उद्दामपणा. वरिष्ठांविषयी तुच्छता.”

“मी?” शिपाईमामा रडकुंडीला आले. “ताई, तुम्हीच सांगा. मी साहेबांना जीभ दाखवीन का हो?”

मुलीने तोंडावर हात धरला. तिचे खांदे हलू लागले. संचालकांनी घाईघाईने पाण्याचा पेला पुढे सरकवला. पण ती हसत होती.

रक्तातली साखर वाढल्यापासून, चार वर्षं, तिचे चौसष्ट वर्षांचे बाबा रोज संध्याकाळी दारातच, बूट काढायच्या आधी, तिला जीभ दाखवत. “बघ. स्वच्छ!” आणि ती वेडी ती जीभ खरोखर तपासत असे. रक्तदाबाच्या गोळ्यांनी त्यांची नाडी छप्पन्नवर आली होती. आजोबांच्या उशीखाली तर शेवटपर्यंत साखरेची पुडी सापडायची.

तिने चष्म्याचं घर टेबलावर उघडलं. आत चष्मा नव्हता. चॉकलेटचे चंदेरी कागद होते, एकेक नखाने सपाट केलेला, चौकोनी घडी घातलेला.

शिपाईमामांनी एक उचलून नाकाशी नेला. “सर...” एवढंच म्हणाले.

संचालकांनी बडतर्फीचं पत्र फाडलं. मग दुसरीकडे कुठे पाहावं ते न सुचून अहवालाचं शेवटचं पान उलटलं आणि घसा खाकरला.

“फाइल बंद करायची, तर हा रकाना...”

‘पुन्हा गुन्हा करण्याची शक्यता’, असं तिथे छापलेलं होतं. खाली बाबांचं गोल अक्षर: ‘शंभर टक्के.’

मुलीने बाबांच्या दोन पेनांपैकी एक उघडलं. त्या दोन शब्दांवर सावकाश रेघ मारली, आणि खाली लिहिलं: शून्य.