वयानं मोठी

“सुई टोचू देणार नाही म्हणजे नाही!” आंतिओका आजीनं बाही मनगटापर्यंत ओढून घेतली. “कॉफी घे, बिस्किटं घे. रक्त सोडून काय हवं ते माग.”

इलेनियाची ही चौथी खेप. उर्सेई गावात शंभरी ओलांडलेली नऊ माणसं होती. सार्दिनिया बेटावरच्या डोंगरातली माणसं एवढी का जगतात, त्यांच्या जनुकांत असं काय दडलंय, हे शोधायला कालियारीच्या प्रयोगशाळेनं तिला इथं धाडलं होतं. आठ जणांनी हसत हसत हात पुढे केले. एकशे एक वर्षांच्या रायमोंदा आजीनं तर दोन्ही हात पुढे केले आणि कुठला आवडतो ते विचारलं. अडून बसली ती एकटी आंतिओका आजी. वय एकशे चार, गावात सगळ्यांत मोठी. तिच्या रक्ताशिवाय प्रबंध माझ्या टेबलावर आणूच नकोस, असं सरांनी फोनवर स्पष्ट बजावलं होतं. त्या प्रबंधावर इलेनियाची चार वर्षं गेली होती.

“आजी, मुंगी चावल्यासारखं वाटेल फक्त.”

“अगं, सहा बाळंतपणं झालीत माझी. मला सुईची भीती दाखवतेस?”

मग नक्की अडलंय कुठं, ते काही कळेना. इलेनियानं भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं. आजीचा नवरा, बासिलिओ. जाऊन वीस वर्षं झाली. हातात टोपी घेऊन असा उभा होता, जणू बसायची परवानगी मागतोय. त्याचे किस्से गावात अजून चालत. मेंढ्या कधी खाली न्यायच्या, मुलगी कुठं द्यायची, काहीही विचारा, तो म्हणायचा, “आंतिओकाला विचारा. ती माझ्याहून एक वर्षानं मोठी आहे. मोठ्यांपुढे मी बोलत नाही.” माणसं हसायची, पण तो काही आपलं ब्रीद सोडायचा नाही. घरी मात्र बायकोला ‘म्हातारे’ अशीच हाक मारायचा.

रक्त मिळेना, तेव्हा इलेनियानं निदान कागद पुरे करून ठेवायचं ठरवलं. वयाचा नुसता सरकारी दाखला चालत नसे, तो चर्चच्या वहीशी ताडून पाहावा लागे. आजीचं माहेर पार दक्षिणेला, समुद्रकाठी. इलेनिया तिथं गेली. पाद्रीबाबांनी धूळ झटकून वही उघडली. आंतिओका सापडली. दोन पानं उलटली तर त्याच आंतिओकाच्या मृत्यूची नोंद, वय वर्षं दोन, हिवताप. आणि पहिलीच्या जन्मानंतर पाच वर्षांनी, त्याच आईबापांच्या पोटी, दुसरी आंतिओका.

“गेलेल्या पोरीचं नाव पुढच्या पोरीला द्यायचे लोक तेव्हा,” पाद्रीबाबा म्हणाले. “सरकारी कचेरीत पहिलीचा मृत्यू लिहायचा राहिला असणार.”

म्हणजे आजी नव्याण्णव वर्षांची. शंभरसुद्धा नाही! इलेनिया गाडीत बसून चक्क रडली. एक तर नमुना गेला. त्यात येत्या रविवारी चौकात गावातली सगळ्यांत मोठी म्हणून आजीचा सत्कार, फुलांची खुर्ची, बँड. इतक्या म्हाताऱ्या बाईला कोणत्या तोंडानं सांगायचं, की तुम्ही दुसऱ्याच कुणाच्या वयावर जगताय? धक्क्यानं काही झालं म्हणजे?

पाचव्या खेपेला तिनं कॉफीला हातसुद्धा लावला नाही. नोंदींची नक्कल टेबलावर ठेवली आणि चाचरत म्हणाली, “आजी, एक चूक झालीय. तुमची नाही हं, कचेरीतल्या कारकुनाची. तुमच्या आधी तुमची एक बहीण...”

आजीनं तिला हातानंच थांबवलं. काठी टेकत उठली, भिंतीपाशी गेली आणि बासिलिओचा फोटो भिंतीकडे तोंड करून उलटा टांगला. मग परत येऊन बसली.

“हं. आता बोल.”

“तुम्हाला माहीत होतं?”

“अगं बये, मला नाही तर कुणाला? अठराची होते. एकविसाच्या आत बापाच्या सहीशिवाय लग्न होत नसे, आणि आमचे वडील म्हणत, मेंढ्यांमागं फिरणाऱ्याला पोरगी देणार नाही. दाखला आणायला गेले, तर कारकुनानं थोरलीचा हातात ठेवला. तेवीस वर्षांची! मी काय त्याला शिकवायला जाऊ? दाखला पदरात घेतला आणि इकडे आले. अंगानं थोराड होते, कुणाला शंका आली नाही.”

“म्हणून रक्त देत नव्हतात?”

“लग्नासाठी खोटं बोलले, त्याचं मला काही वाटत नाही. चांगला संसार झाला. पण तुम्ही त्या रक्तावरून उद्या औषधं काढणार, लेकरंबाळं ती घेणार. तिथं कसं खोटं चालेल?” आजीनं बिस्किटांची बशी तिच्याकडे सरकवली. “खा आता. शंभरीला अकरा महिने राहिलेत. तेव्हा सुई घेऊन ये, दोन्ही हात देते. तुझ्या सरांना म्हणावं, दम धरा.”

इलेनियाला हसू फुटलं. अकरा महिने काय, दोन वर्षं थांबायची तिची तयारी होती. “आणि रविवारी?”

“फुलांच्या खुर्चीवर रायमोंदाला बसव. आता गावात तीच मोठी, आणि केव्हापासून डोळा आहे तिचा त्या खुर्चीवर. पंचायतीला सांग, गावाला सांग, बँडवाल्यांनासुद्धा सांग.” आजीनं मान वळवून उलट्या फोटोकडे पाहिलं आणि आवाज एकदम खाली आणला. “फक्त याच्यासमोर बोलू नकोस. मोठी, मोठी म्हणून जन्मभर ऐकलंय त्यानं माझं. आता कळलं, तर मी वर गेल्यावर तिथं माझं कोण ऐकेल?”