समृद्धीची वरईची भाकरी

माझी थोरली लेक समृद्धी ओतूरला सासरी असताना वेबसाईटवर उपवासाचे पदार्थ लिहायची. काहीही टाकण्याआधी तिच्या सासूबाई स्वतः वाचून बघायच्या, आणि आम्हाला त्याचं केवढं कौतुक! मग समृद्धी अचानक वारली. तेव्हापासून तिचं एक पान वाचल्याशिवाय मी अन्न घेत नाही. आता डोळे साथ देईनात, म्हणून धाकट्या तेजस्विनीने फोनमध्ये पानावरचा सगळा मजकूर उचलून वाचणारं एआय घालून दिलं.

आज वरईची भाकरी वाचून झाली, तरी फोन बोलतच राहिला. तेजस्विनीने पान उघडून पाहिलं.

"आई, ही ओळ तर दिसतच नाय गं! तायडीनं पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत लिवलीय."



फोनने तीच ओळ पुन्हा वाचली: "आई, कुणाला न विचारता मला न्यायला ये. इथं माझं काही खरं नाही."