देवी आली नाही त्या मंगळवारी

कवडूनं डफ जाळावर पुन्हा शेकून घेतला, थाप वाढवली, तरी आनंदाबाईच्या अंगात काही येईना.

एरवी कापराचा धूर कोंदला आणि डफानं ठेका धरला की तिची मान आपोआप डोलू लागे. पुढचं तिला ठाऊक नसे. भानावर यायची तेव्हा केस सुटलेले असत, घसा कोरडा पडलेला असे. आपण काय बोललो हे तिनं कधी कुणाला विचारलं नव्हतं. बोलणं देवीचं, आपण फक्त जागा द्यायची, असं ती मानायची. आणि तळेगावच्या आसपास त्या बोलण्याबाहेर जायची कुणाची छाती नव्हती.

आज ओसरीत रूपराव हात जोडून बसला होता. शेजारी त्याची लेक सुरभी, मान खाली घालून. दिवाळीला माहेरी आलेली सुरभी परत नांदायला जायला तयार नव्हती. घरात रोज कटकट. शेवटी दोन्हीकडच्यांनी ठरवलं, देवी म्हणेल तसं. सासरा न्यायला आलाच होता. बाहेर संत्र्याच्या बागेला लागून गाडी उभी करून तो तिथंच थांबला होता.

पोरीला धाडू की नको, हे रूपरावनं पुन्हा एकदा विचारलं.

आनंदाबाईनं डोळे गच्च मिटले आणि आत देवीला शोधू लागली. गुडघा ठणकत होता. तो ठणकतोय हे तिला कळत होतं, म्हणजे कळणारं काही वेगळं होतं. डफ ऐकू येत होता. भीती होती, की लोक काय म्हणतील, उद्यापासून कोण या ओसरीत येईल. ती भीतीसुद्धा समोर ठेवलेल्या तांब्यासारखी तिला स्वच्छ दिसत होती. एकेक बाजूला सारत ती आत आत गेली. देवी कुठंच नव्हती. मग हे सगळं पाहत होतं ते कोण? ते हलत नव्हतं, घाबरत नव्हतं. जागं होतं. तिला वाटलं, हे आज आलेलं नाही. हे इथंच होतं.

केस मोकळे सोडायचे, घुमायचं, एवढंच तर करायचं होतं. लोकांच्या तोंडून ऐकून तिला ते पाठ होतं. मग तोंडाला येईल त्या शब्दावर ही पोरगी एक तर गाडीत बसली असती, नाही तर राहिली असती.

तिनं हात वर केला. डफ थांबला.

"देवी नाई आली आज."

ओसरीत कुजबुज झाली. कुणी म्हणालं, विटाळ झाला असेल. कुणी कवडूवर घसरलं, की डफच ढिला वाजतोय.

"डफ बराबर हाय," कवडू म्हणाला. "तिकडूनच रेंज नाई भेटून राह्यली."

दोघी-तिघी हसल्या. रूपराव उठू लागला, तसं आनंदाबाईनं त्याला बसवलं आणि ती सुरभीकडे वळली.

"पोरी, तू काऊन नाई जात? तू सांग."

"तिले काय विचारता, काकू," रूपराव म्हणाला. "आमी देवीले विचाराले आलो."

"देवी नाई विचारत. मी विचारून राह्यली."

सुरभी बोलली, आधी जमिनीकडे पाहत, मग बापाकडे. नवरा कामावर जाताना बाहेरून कुलूप लावतो. फोन सोबत नेतो. संध्याकाळी तो येईपर्यंत ती आत. सासूला माहीत आहे, सासऱ्यालाही.

रूपरावचा आवाज चिरकला. "हे आधी काऊन नाई सांगतलं?"

"कोनी विचारलंच नाई, बाबा."

तो उठून बाहेर गेला. बागेच्या बाजूनं थोडा वेळ चढे आवाज येत राहिले. मग गाडी सुरू झाली आणि रिकामीच निघून गेली. सुरभीनं पदरानं तोंड पुसलं आणि प्यायला पाणी मागितलं.

बाया पांगल्या. शेजारची रुख्माबाई तेवढी मागे रेंगाळली. कापराची राख आवरता आवरता म्हणाली, "माह्या सुनेच्या टायमाले देवी असंच बोलली व्हती. आधी पोरीले विचारा म्हणे."

आनंदाबाई तिच्याकडे पाहतच राहिली. मग हळूच तिनं विचारलं, "आवाज कसा राह्यते वं देवीचा?"

असलं काही रुख्माबाईला कुणी कधी विचारलं नव्हतं. तिनं जरा आठवून पाहिलं.

"तुह्याच सारखा," ती म्हणाली. "जराक मोठा, बस."