अंगावर येणारा दयाळ

खराडीच्या दयाळाने गळा मोकळा केला, पण वारजेच्या दयाळाने साधी मानही वळवली नाही. तारेवर बसून तो पंख साफ करत राहिला.

"पाहुण्याला पाणीसुद्धा विचारलं नाही," झोपाळ्यावरून अवधूतबुवा म्हणाले. "अस्सल पुणेकर आहे."

निशाने शेवग्याला टांगलेल्या स्पीकरकडे पाहिलं. पक्ष्यांचा अभ्यास हा तिचा पेशा. खराडीत टिपलेलं गाणं ती वडिलांच्या अंगणात वाजवून पाहत होती.

"रहदारीच्या वर ऐकू जावं म्हणून तिकडचे दयाळ वरच्या पट्टीत, तुटक गातात, बाबा. याला ते आपल्यातलं वाटलं असतं, तर हद्द राखायला हा स्पीकरच्या अंगावर आला असता. गाणंच ओळखू येईना, की भांडण नाही आणि जोडीही नाही. पिढ्यानपिढ्या असं चाललं की एका प्रजातीच्या दोन होतात."

"म्हणजे भांडतो तो आपला. हे कळायला पुण्यात संशोधन करावं लागलं?"

निशा हसली नाही. बुवांची हयात कीर्तनात गेली. गेल्या वर्षापासून तीही खराडीत, ऑफिसांच्या जेवणाच्या सुट्टीत, गिटारच्या साथीने कीर्तन करत होती. प्रत्येक कीर्तनाचं रेकॉर्डिंग बुवांना पाठवत होती. सिग्नलला अनोळखी माणसाच्या हेल्मेटचा पट्टा तपासणाऱ्या बुवांनी तिची मात्र एकही चूक काढली नव्हती. "ऐकलं," एवढंच म्हणायचे. खराडीच्या टाळ्यांनी ते काही भरून निघत नव्हतं.

तिने फोनवर बोट सरकवलं. स्पीकरमधून गिटार वाजली, मागोमाग तिचाच आवाज आला. निरूपण संपत आलं होतं. दयाळ पंख साफ करत राहिला. बुवा वर्तमानपत्र वाचत राहिले. आख्यान सुरू झालं. निशाने स्पीकर उतरवायला हात वर केला.

झोपाळा करकरून थांबला.

"निरूपणातून थेट आख्यानात? मधला नामाचा गजर कुठे गेला?"

"बाबा, त्यांना अर्धाच तास सुट्टी असते."

"त्यात विठ्ठलाला दोन मिनिटं नाहीत? आणि ही गिटार आहे की पत्र्यावर पडलेल्या चिंचा? माझ्या घरात हे शिकलीस?" बुवा अनवाणीच अंगणात उतरले आणि थेट स्पीकरच्या अंगावर आले. "बंद कर आधी ते."

निशाने आवाज आणखी वाढवला.