एवढंच हिरवं

चिटगुप्प्याच्या मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या लिंगम्माअक्कांनी माळावर बसून वसंताचं चित्र काढलं होतं. ते हैदराबाद राज्याच्या प्रदर्शनात जावं म्हणून वर्गाचा जीव टांगणीला लागला होता. निवडायला आलेल्या साहेबांनी नाक मुरडलं. "बाई, हा वसंत हाय का दुष्काळ? वाळलेलं गवत, बिनपानांचे पळस! हिरवं टाका, तरच नेतो." "कामून टाकू? आपल्या माळावर पळस पानं गाळूनच फुलतोय. मी पळसावरच संशोधन केलंय, खोटं न्हाई काढणार." "मग राहू द्या इथंच." अक्कांनी कुंचला उचलून चक्क हिरव्या रंगात बुडवला. मुलींची तोंडं उतरली. पण अक्कांनी लालभडक फुलांत चोच खुपसून बसलेला एकच पोपट काढला. "घ्या, आपल्याकडं वसंतात हिरवं एवढंच!" साहेबांनी हसतच चित्र काखेत मारलं. अक्का ओरडल्या, "दमानं, साहेब, पोपट अजून ओला हाय!"