मीठपाणी

"तुमच्या वाट्याला मीठपाणी आलं होतं," डॉक्टर म्हणाले आणि चष्मा पुसत बसले.

धाकटीला आधी नीट उमगलंच नाही. टाचेवरचा काळा डाग कापून काढल्यापासून ती दर महिन्याला दंडात सुई टोचून घेत होती. कातडीचा तो कर्करोग पुन्हा उलटू नये म्हणून ही नवी लस होती, आणि ती बनवणाऱ्यांत तिची सख्खी ताई होती. गाठ घरभेदी असते, शरीर तिला आपलीच समजतं, असं ताईने समजावलं होतं. म्हणून गाठीचं हुबेहूब सोंग घेणारी प्रतिद्रव्यं प्रयोगशाळेत तयार करायची. पहारेकऱ्याला आधी सोंगाड्या चोर दाखवायचा, म्हणजे खरा आला की तो ओळखेल. निम्म्या लोकांना लस, निम्म्यांना मीठपाणी. कुणाला काय, ते शेवटपर्यंत कुणालाच कळणार नाही. धाकटीने हे सगळं ऐकूनच होकार दिला होता.

आता तिच्या जांघेत गाठ आली होती.

तिने डॉक्टरांना बोल लावला नाही. नशिबाला लावला, तोही थोडाच. बाहेर बाकावर तिच्याच बरोबर सुया घेणारे एक निवृत्त पोस्टमास्तर बसले होते. त्यांना खरी लस मिळाली होती आणि ते ठणठणीत होते. तिची नजर चुकवत ते म्हणाले, की त्यांना अंदाज होताच. दर सुईनंतर दंडावर लिंबाएवढी लाल सूज यायची, त्या कुशीवर झोपता यायचं नाही.

धाकटीचा दंड कधी साधा लालही झाला नव्हता.

जिना उतरता उतरता ती कठडा धरून थांबली. सुई झाली की ताई दुसऱ्या दिवशी घरी यायची. बाही वर करायला लावायची, दंड निरखायची, त्यावरून अंगठा फिरवायची. धाकटीला ती माया वाटायची. मध्यंतरी मन धास्तावलं, तेव्हा हे सोडून दुसरे उपचार घेते म्हणून ती हटून बसली होती. मध्येच सोडू नकोस, असं सांगून ताईनेच तिला थांबवलं होतं. ताईचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. ती थांबली.

ती तशीच प्रयोगशाळेत गेली. लस लागू पडली होती. आत लोक एकमेकांचे हात हातात घेत होते. धाकटीला दारात पाहिलं मात्र, ताईचा चेहरा उतरला. न विचारताच ती बोलू लागली. आपण एकीला जरी फोडून सांगितलं असतं, तरी साऱ्यांच्या कष्टांवर पाणी पडलं असतं. पुढच्या किती जणांची लस अडली असती. शिवाय नुसत्या दंडावरून खात्री तरी कशी धरायची?

धाकटीने सगळं ऐकून घेतलं.

"कधी कळलं तुला?"

ताईने जमिनीकडे पाहिलं.

"पहिल्याच सुईला."