भिंतीवरचं बटण

"आई, भिंतीवरचं बटण बंद करू नकोस गं! ते चालू असलं तरच झोपलेला कॉम्प्युटर मला इथून, जर्मनीतून, उठवता येतो," हे मी शंभरदा सांगून दमले होते. बाबांचे सगळे फोटो मिरजेच्या घरातल्या त्या कॉम्प्युटरवर. पण पत्त्यांचा डाव संपवून झोपायला जाताना आई बटण बंद करणार म्हणजे करणारच. वर मलाच विचारणार, "उगाच वीज कशाला जाळायची?"

त्या सकाळी मी सवयीने इंटरनेटवरून कॉम्प्युटरला उठवायला गेले, आणि तो चक्क उठला. पडद्यावर आईचा डाव अर्धवट पडला होता. मला आनंद व्हायला हवा होता. पण मी आधी आईला फोन लावला.

आई फोन उचलेना. शेजारच्या ढवळेवहिनींना किल्ली घेऊन पळवलं. आई बाथरूममध्ये पाय घसरून रात्रभर पडून होती. वहिनींनी फोन कानाशी धरला, तर म्हणते कशी, "बटण राहिलं गं बंद करायचं."

आता तिचा पाय बरा आहे. मी रोज सकाळी कॉम्प्युटर उठवून बघते. तो उठत नाही. मग निवांत चहा टाकते.